सिंदीच्या अक्षता आणि विमानाचं मागचं दार

विमानात एकदाही न बसता विमान कंपनीशी भांडायला निघालेली बाई कुणाला पाहायची असती, तर त्यानं मागच्या हिवाळ्यात वर्धा जिल्ह्यात यायला हवं होतं. ती मी. मुक्काम पुणे, काम ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं लिहिणे आणि ती लोकांच्या हातात कोंबणे. दुधातलं पाणी, रॉकेलचं माप, गॅसची नळी, सगळ्यांवर लिहून झालं होतं. मग एका दुपारी आमच्या ग्राहक मंडळाच्या कचेरीत सिंदीहून फोन आला. बोलणारे गृहस्थ एसटीडी बूथवरच्या मीटरकडे बघत इतक्या घाईनं बोलत होते, की मला चारच गोष्टी कळल्या: विमान, हवा, बायकोचा कान आणि रविवारचा माफीनामा.

"माफीनामा कंपनी देणार आहे ना?" मी विचारलं.

"नाई नं ताई. कंपनी घेनार हाय. आमच्या घरच्यांकडून."

एवढं ऐकल्यावर घरी बसणं मला शक्य नव्हतं. मी पिशवीत चार कपडे आणि 'जबाबदार कोण?' या मथळ्याची कोरी तक्रारपत्रं भरली आणि निघाले. प्रवासाचं वर्णन करत नाही. रेल्वेत पुण्याहून वर्ध्याला जाणाऱ्या माणसाला जे होतं ते मला झालं, म्हणजे पाठ दुखली.

सिंदी (रेल्वे)

सिंदीला उतरलात की पहिल्यांदा कापूस दिसतो. गाड्यांवर, अंगणात, जिनिंगच्या आवारात डोंगरासारखा. शिवाय विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांवर आणि माझ्या चहाच्या कपातसुद्धा. मी चमच्यानं पुंजका काढून बशीच्या काठावर ठेवला, तर हॉटेलवाला म्हणाला, "ताई, तेचे पैसे वेगळे नाई लागत." पुण्यात लागले असते.

फोन करणारे भास्करकाकाजी स्टेशनवर घ्यायला आले होते. कापसाची अडत चालवतात. पांढरा सदरा, मोठा आवाज, पण घराच्या फाटकातून आत शिरताच तो आवाज निम्म्यावर आला. घरात त्यांची बायको द्वारकाकाकू आणि थोरली सून सुनंदा. मी ओसरीवर बसल्या बसल्या तक्रारपत्र काढलं.

"ठेवा ते," सुनंदा म्हणाली. "आंधी जेवा."

"मी जेवायला आलेली नाही. मी न्यायासाठी आले आहे."

"न्याय का उपाशी पोटी होते का बाप्पा?"

ताटात झुणका, ज्वारीची भाकरी, बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात आणि सांबारवडी. सांबारवडी म्हणजे इडलीचं काहीतरी असेल असं समजून मी सावध होते. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि ती वडी खाऊन मी पुण्याच्या कोथिंबीरवडीबद्दलचे माझे सगळे अभिमान मागे घेतले. आमच्याकडे पाहुण्याला 'अजून हवंय का?' विचारतात. इथं विचारत नाहीत, वाढतात. तिसऱ्या वडीला मी नको म्हणून ताटावर हात आडवा धरला, तर काकूंनी वडी माझ्या मनगटावर ठेवली.

मग गोष्ट निघाली. काकूंचा डावा कान त्या दिवसापासून बंद होता, म्हणून त्या उजवा कान पुढे करून बसल्या. इथल्या बायकाही 'मी जातो, मी करतो' असं बोलतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

धाकट्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे आपला साखरपुडा, मुंबईला ठरलेलं. मुलगा तिकडेच नोकरीला. स्वस्तातली विमानं नुकतीच सुरू झाली होती, त्यानं हौसेनं सगळ्यांची तिकिटं काढली. नागपूरला विमानाच्या मागच्या दाराला जिना लावला होता. काकू जिना चढल्या आणि दारात थांबल्या.

"पहिल्यांदा कोनाच्या घरात पाय टाकतो तं उंबरठ्याले हळदीकुंकू लावतोच नं आपन? लावलं. चार अक्षता टाकल्या. ते आतली पोरगी, साडीवाली नाई, स्कर्टवाली, ते हासली. म्हने, मलेही लावा. तिलेही लावलं."

"म्हणजे कंपनीच्या माणसासमोर आणि संमतीनं," मी लिहून घेतलं.

विमान वर गेलं, चहा फिरला, आणि मग फट्कन आवाज झाला. गारठा आला, कानात सुया शिरल्या, छतातून पिवळ्या वाट्या लोंबकळल्या. विमानात न बसलेल्यांसाठी सांगते, कारण मलाही ते पुस्तकातूनच कळलंय: विमान ज्या उंचीवरून जातं तिथं हवा इतकी विरळ असते की माणूस थोड्याच वेळात भान हरपतो. म्हणून आत हवा दाबून भरतात आणि दारंखिडक्या रबरी पट्टीनं घट्ट बंद ठेवतात. ती हवा निसटली की नाकावर वाटी लावायची. आणि सूचना अशी असते, की आधी स्वतःला लावा, मग दुसऱ्याला.

"आंधी सोताले?" काकू अजूनही धक्क्यात होत्या. "नवरा बाजूले बसला असताना?"

त्यांनी स्वतःची वाटी काकाजींना लावायला घेतली. काकाजींनी ती पलीकडच्या अनोळखी गृहस्थांपुढे केली, कारण ते वयानं मोठे दिसत होते. ते गृहस्थ अमरावतीचे निघाले; ते म्हणाले, "नाई नाई, तुमचं होऊ द्या." सुनंदानं आधी सासऱ्यांसमोर डोक्यावरून पदर घेतला, मग पदरावरून वाटीचं रबर चढवायला गेली, ते घसरून गळ्यात आलं. एका अख्ख्या रांगेत हवा होती आणि घेणारा कुणी नव्हता. शेवटी ती स्कर्टवाली पोरगी ओरडली तेव्हा सगळ्यांनी एकदम लावल्या. पुण्याचे प्रवासी असते तर ही सूचना छापायचा खर्चसुद्धा वाचला असता.

विमान झपाझप खाली आलं आणि परत नागपूरला उतरलं. सगळे वाचले. काकूंच्या कानातून रक्त आलं. आणि खाली उतरल्यावर कंपनीचा एक टायवाला साहेब मागच्या दारापाशी वाकला, दाराच्या पट्टीतून काहीतरी उचललं आणि सगळ्या प्रवाशांसमोर तळहात उघडला. तीन-चार तांदळाचे दाणे.

"म्हने, हे पाहा. असं टाकलं की दार नीट लागत नाई. सगळ्यायच्या जिवावर बेतलं होतं." काकू खाली बघत बोलत होत्या. "मीच केलं, बाप्पा. एवढ्या लोकायचे लेकरंबाळं होते आतमदी."

बातमी काकूंच्या आधी सिंदीला पोचली. साक्षगंध पुढं ढकललं गेलं, आणि आता नवी तारीख ठरवताना मुलीच्या आत्याबाईंनी फोनवर गोड आवाजात विचारलं होतं, 'त्या विमानवाल्या काकूही येणार आहेत का?' त्यावर काकूंनीच ठरवून टाकलं: रविवारी कंपनीचा साहेब येणार, तो सांगेल तिथं सही करायची, म्हणजे पोलीस केस नाही, आणि मुलाच्या साक्षगंधाला जायचं नाही.

"माह्या पायानं पोराचं काही नासाले नको."

"काकू, ज्या विमानाचं दार चार तांदळांनी उघडतं ते विमान नव्हे, पत्र्याचा डबा आहे! दार तपासणारा इंजिनियर कुठे होता? त्यावर शिक्का मारणारा कुठे होता? विमान ताब्यात घेणारा वैमानिक कुठे होता? आणि या सगळ्यांवर देखरेख ठेवणारं सरकार कुठे होतं?" मी उभी राहिले होते. ही माझ्या पत्रकातली वाक्यं, सभेत टाळ्या घेतात.

काकूंनी शांतपणे विचारलं, "तू होती का तठी?"

मी बसले.

सावंगी (मेघे)

दुसऱ्या दिवशी काकूंना घेऊन मी सावंगीच्या मोठ्या इस्पितळात गेले. म्हणजे, त्या मला घेऊन गेल्या. कुठल्या खिडकीवर कुठली चिठ्ठी मिळते ते त्यांना ठाऊक होतं. आवार एखाद्या गावाएवढं. पांढऱ्या कोटातली पोरंपोरी, खाटेवरून आणलेले रोगी, डबे घेऊन बसलेले त्यांचे नातेवाईक, आणि संत्र्यांचा वास. इथं रोग्यासाठी संत्री आणतात आणि रांगेतले सगळे मिळून खातात.

कानाचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी काकूंचा कान तपासला, पडदा फाटलाय पण भरत आलाय असं सांगितलं, आणि मी काही बोलायच्या आत मलाच खुर्चीवर बसवलं. चिठ्ठी काढताना खिडकीवाल्यानं माझंही नाव रोग्यांत लिहिलं होतं. मी निषेध नोंदवेपर्यंत त्यांनी माझ्या कानात उजेड टाकला होता.

"किती वर्षं साफ नाई केला?"

"मी रुग्ण नाही! मी ग्राहक चळवळीची—"

"असू द्या. कान तं तुमचाच हाय नं."

पिचकारी मारून त्यांनी जे बाहेर काढलं त्याचं वर्णन मी छापणार नाही. काकू मात्र त्या दिवसांत पहिल्यांदाच खुदकन हसल्या.

"डॉक्टर," मी कान पुसत म्हटलं, "तुम्ही लिहून द्या की हे कंपनीच्या निष्काळजीपणामुळे झालं."

"कान मले एवढंच सांगते की हवेचा दाब एकदम बदलला. कोनं बदलला ते कान सांगत नाई."

"पण चार तांदळांनी बदलेल का?"

"ते दाराच्या डॉक्टरले विचारा," ते म्हणाले, आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

बाहेर आल्यावर काकूंनी विषयच बदलला. वर्ध्याचा गोरसपाक खाऊ घातला. तो बिस्किटासारखा दिसतो आणि तोंडात गेला की तूप होतो. खाता खाता त्या सहज म्हणाल्या, "ज्या विमानानं आम्ही चाललो होतो, तेच विमान सकाळी मुंबईहून आलं होतं. नाचणगावचा एक जन उतरला त्याच्यातून. गुलाबराव. आमच्याकडे कापूस आनते. जिन्यापाशी भेटला, म्हने, काकू, मस्त विमान हाय, दारापाशी शीट्टी वाजते."

मी हातातला गोरसपाक खाली ठेवला.

"शिट्टी? आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"तू इचारलं कुठी? तू तं सांगूनच राह्यली होती."

नाचणगाव

पुलगावला उतरून नाचणगावला पोचायला काही वेळ लागत नाही. गाव पुलगावला खेटूनच आहे. मला वेळ लागला तो गुलाबरावांपर्यंत पोचायला, कारण ज्याला त्यांचा पत्ता विचारला त्यानं आधी मला गुलाबरावांचा विमानप्रवास ऐकवला. अख्ख्या गावाला तो पाठ होता. पानठेल्यावरचा म्हणाला, "त्यायनं विमानाचं दार एकट्यानं धरून ठेवलं होतं." पुढच्या वळणावरच्या शिंप्याच्या गोष्टीत तर विमानच त्यांनी उतरवलं होतं.

खरे गुलाबराव पन्नाशीचे, भरघोस मिशांचे, चांगले सुखवस्तू शेतकरी. खाटेवर बसून तूर सोलत होते. मी प्रश्न विचारताच त्यांनी तूर बाजूला सारली.

"शेवटच्या रांगेत होतो मी. मांगच्या दाराच्या अगदी बाजूले. विमान वर गेलं अन् दाराच्या फटीतून सुंऽऽ सुंऽऽ! मी पोरीले म्हनलं, बेटा, हवा येऊन राह्यली. ते म्हने, काका, येत नाही, जातेय. बाहेर. मंग तिनं पानी मारलेले रुमाल कोंबले त्या फटीत. पुरले नाई. मी म्हनलं, थांब."

"आणि?"

"माहा दुपट्टा दिला!" त्यांनी छातीवर हात मारला. इकडे पुरुषांच्या खांद्यावरच्या उपरण्याला दुपट्टा म्हणतात. "पांढरा, निळ्या काठाचा. जावयानं लग्नात आहेर केलता. वला करून ठासला, एका झटक्यात शीट्टी बंद! आपन गोठ्याच्या खिडकीले पोतं नाई का लावत हिवाळ्यात? तसंच. त्या पोरीनं मले दोन कॉफ्या दिल्या, फुकट."

मला ओरडावंसं वाटलं. विमानाचं दार गळतंय, ते कर्मचाऱ्यांना माहीत आहे, आणि उपाय काय, तर नाचणगावच्या शेतकऱ्याचा आहेराचा दुपट्टा! आणि हे सगळं काकूंनी त्या दारात पाऊल टाकायच्या आधी! मी तक्रारपत्र पुढे केलं. "सही करा."

गुलाबरावांनी कागद न वाचताच परत केला. "सही नाई करत मी."

"का?"

"ज्याची कॉफी पेलो त्याच्या विरुद्ध सही करू? आमच्यात असं नाई चालत, ताई."

मी अर्धा तास बोलले. कॉफी तिकिटात धरलेली असते, ग्राहक हा पाहुणा नसतो, उपकार आणि सेवा यांत फरक आहे. त्यांनी सगळं मान हलवत ऐकलं, बायकोला पोहे टाकायला सांगितले आणि पुन्हा म्हणाले, "नाई." पोह्यांवर इथं लाल तर्री, म्हणजे जळजळीत रस्सा, ओततात. दुसऱ्या घासाला मला उचकी लागली ती थांबेना, आणि उचकी लागलेली माणसं ग्राहक हक्कांवर प्रभावी बोलू शकत नाहीत.

माझी बाजू हरली असं धरून मी उठले. हिक् करत म्हटलं, "ठीक आहे. रविवारी कंपनीचा साहेब सिंदीला येणार आहे. काकू सही करतील. तुमची कॉफी वाचली."

गुलाबराव सावरून बसले. "कंपनीचा मानूस? सिंदीले? खुद्द?"

"हो."

"मंग मी येतो. दुपट्टा मांगाले. घाईत तठीच राह्यला. जावई दर खेपेस इचारते, मामाजी, दुपट्टा दिसत नाई."

पुन्हा सिंदी, रविवार

टायवाला साहेब वेळेवर आला. पाहून माझी निराशा झाली. मी मनात एक खलनायक तयार करून ठेवला होता. हा तर माझ्याच वयाचा, नागपूरचा, बूट काढताना मोज्याला पडलेलं भोक लपवणारा पोरगा निघाला. त्यानं काकूंना वाकून नमस्कार केला, मग कागद काढला.

"काकू, फक्त एवढंच लिहिलंय की दारात वस्तू टाकल्या गेल्या, चूक झाली. वर कळवावं लागतं. मग विषय संपला. साक्षगंधासाठी मुंबईची तिकिटंही देऊ आम्ही, सगळ्यांची."

काकूंनी चष्मा लावला. पेन हातात घेतलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि सुनंदानं माझ्या हातावर हात ठेवला, कारण फाटकातून गुलाबराव येत होते.

"रामराम! तुम्हीच का विमानवाले? बरं झालं. माहा दुपट्टा द्या."

"कोणता दुपट्टा?"

"मांगच्या दाराले ठासला होता तो. निळ्या काठाचा."

"तो निळ्या काठाचा होय? तो तर आमच्या—" साहेब थांबला.

काकूंनी पेन खाली ठेवलं नाही, पण उजवा कान पुढे केला. "तो तं काय, बेटा?"

"काही नाही, काकू."

"सांग नं. मले एकाच कानानं ऐकू येते, जोरानं सांग."

साहेबानं काकाजींकडे पाहिलं, गुलाबरावांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहून त्याला धीर येणं शक्यच नव्हतं. मग तो बारीक आवाजात म्हणाला, "आमच्या मेकॅनिकनं काढला. नागपूरला."

"आमी बसाच्या आंधी का मांगून?"

"...आधी."

"म्हणजे कुणीतरी ते दार पाहिलं, कोंबलेला दुपट्टा पाहिला, उपसून काढला आणि विमान तसंच सोडलं!" हे मी म्हणाले. मला राहवलं नाही.

"पट्टीचा सुटा भाग नागपूरला नव्हता, मॅडम," साहेब म्हणाला. "मुंबईला बदलू असं ठरलं होतं. एवढ्याशा प्रवासात..."

"अन् माहा दुपट्टा?" गुलाबराव.

"फेकला असेल, काका."

"आहेराचा होता!" गुलाबरावांचा आवाज चढला. "दोन कॉफ्यांत आहेराचा दुपट्टा? आना ताई तो कागद, कुठी सही करू?"

काकू मात्र अजून त्या पोराकडेच बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कापसाचा व्यवहार तपासताना असेल तशी नजर होती.

"म्हंजे मी कुंकू लावलं तेव्हा दार आंधीच नासून होतं."

"हो, काकू."

"तुले ठाव होतं. अन् तू माह्या अक्षता हातात घेऊन लोकायले दाखवल्या."

"मला वरून सांगितलं होतं की काहीतरी कारण दाखवा."

"वरून कोनं?"

साहेबानं खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "असं एकाचं नाव नसतं, काकू. बरेच लोक असतात."

"आमच्या इथं कापसाची गाठ बांधली की तिच्यावर मार्का असते," काकू म्हणाल्या. "आतमदी दगड निघाला तं कोनाची मान धराची ते समजते. येवढ्या मोठ्या तुमच्या विमानावर कोनाचा मार्का हाय?"

माझ्याकडे या विषयावर चार पानं होती, मुद्देसूद. मी ती पिशवीतून काढली नाहीत. त्यांच्यात हे वाक्य नव्हतं.

साहेबानं कागद घडी करून बॅगेत ठेवला आणि बूट घालायला वाकला, तर काकूंनी त्याला बसवलं. "जेवल्याबिगर कुठी चालला?" तो जेवला. मान खाली घालून, वाढलेलं सगळं, तिसरी वडीसुद्धा. आमच्याकडे असा माणूस पाण्याच्या घोटाशिवाय बाहेर काढला असता, आणि तेच योग्य झालं असतं असं माझं अजूनही मत आहे. पण जाताना त्यानं माझ्या तक्रारीवर मेकॅनिकच्या साहेबाचा हुद्दा लिहून दिला, तेही खरं.

मग मी तक्रार काकूंपुढे ठेवली. त्यांनी ती मोठ्यानं वाचायला घेतली. पहिल्याच ओळीला थांबल्या.

"हे 'अशिक्षित व भोळ्या वृद्धा' कोन?"

"तुम्ही. म्हणजे, परिणाम साधण्यासाठी..."

"सातवी पास हाय मी. अन् भोळी कोन म्हने? सुनंदा, मी भोळी हाय का?"

"कोनी म्हनलं तं तेले माह्याकडे पाठवा," सुनंदा म्हणाली.

काकूंनी तीन शब्द खोडले, पुढचं सगळं वाचलं, कानाच्या मुद्द्याला एकदा आणि दाराच्या मुद्द्याला एकदा मान हलवली, आणि खाली पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. गुलाबरावांनी त्याखाली. त्या तक्रारीला हे लिहीपर्यंत सरकारचं उत्तर आलेलं नाही.

पण त्या संध्याकाळी काकाजी चप्पल घालून एसटीडी बूथवर निघाले, मुलाला आणि मुलीकडच्यांना तारीख कळवायला. फाटकापाशी थांबून त्यांनी मागे वळून विचारलं, "त्या आत्याबाई इचारतील. तुह्यं काय सांगू?"

काकू अंगणातला कापूस झाडत होत्या.

"मी येऊन राह्यलो म्हना."